काळ्या खोबऱ्याच्या अमेरिकन वड्या

माझ्या हातच्या स्वयंपाकाबद्दल आमच्या घरात दोन मतं कधीच नव्हती. एकच होतं, आणि ते नाना रोज जेवताना मोठ्यानं सांगायचे. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर देखरेख करायचे, लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना बोलताना कोणी डोळे वटारणारं नव्हतं. माझी भाकर ताटात पडली की ते ती दोन बोटांनी उचलत, कानाशी नेऊन टिचकी मारत आणि विचारत, "काय गं नंदे, आज कोणाचं प्लास्टर काढलं?" वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते शाळेत भूगोल शिकवत आणि घरात शक्यतो बोलत नसत. हसू आलं की ते वरणाच्या वाटीत खूप खोल काहीतरी शोधू लागायचे. आई हसायचीही नाही. ती नानांच्या ताटातली माझी भाकर हळूच स्वतःच्या ताटात घ्यायची आणि तिची त्यांना द्यायची. तिचं हे करणं मला तेव्हा अपमानाचं वाटायचं. आज माझी लेक तिच्या घरी माझ्या हातची पोळी नवऱ्याच्या ताटातून उचलून स्वतःकडे घेते, तेव्हा मी वरणाच्या वाटीत बघते.

घरात शेवटचा शब्द मात्र यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो अक्काचा होता. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी ती चार दिवसांसाठी म्हणून धुळ्याला आमच्याकडे आली आणि राहिली. देवपुरातलं आमचं घर तीन खोल्यांचं, त्यातली स्वयंपाकाची खोली तिची. आईच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, तरी मिठाचा डबा अक्काच्या हाताला लागेल असाच ठेवलेला असायचा. सकाळी पहिला आवाज तिच्या खलबत्त्याचा. त्यानंतर नळाचा खोकला, मग नानांचा रेडिओ, आणि या सगळ्यांवरून जाणारा कांदा-खोबरं भाजल्याचा खमंग, डोळ्यांत जाणारा धूर. आमच्याकडे भाजी काळ्या मसाल्याची. खोबऱ्याची अख्खी वाटी जाळावर धरायची, ती पेट घ्यायची, फुंकर मारून विझवायची आणि पाट्यावर वाटायची. पांढरं खोबरं मी फक्त देवापुढे पाहिलं होतं. अक्का अहिराणी बोलायची. आबा, नाना, आई तिच्याशी अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलायचे, आणि मी शाळेत गेल्यापासून अहिराणीत ऐकून मराठीत उत्तर द्यायला लागले होते. त्यावरूनही अक्काचं माझ्याबद्दल एक मत झालेलं होतं.

बारावी झाली आणि औषधशास्त्राच्या पदविकेच्या यादीत माझं नाव लागलं. लागलं ते जळगावला. आठ दिवसांत जाऊन कागद जमा करायचे होते. आबांनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि अक्काकडे पाहिलं. मोठ्या बहिणीला विचारल्याशिवाय त्यांनी कधी छत्रीसुद्धा घेतली नव्हती. अक्का मेथी निवडत होती. तिनं विचारलं, "ऱ्हाई कोठे?"

"वसतिगृह आहे मुलींचं," आबा म्हणाले.

"खाई काय?"

"तिथं खोलीवर करून खातात म्हणे मुली. स्टोव्ह असतो."

मग अक्कानं मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर माझ्या हातांकडे. "जिले भाकर थापता येत नही ती जळगावमा काय खाई?" एवढं म्हणून ती पुन्हा मेथीकडे वळली. प्रश्न कोणाला विचारलेला नव्हता, त्यामुळे कोणी उत्तर दिलं नाही. म्हणजे विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे, कोणी नाही म्हणायचं नाही.

मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. आई दुपारी मला मागच्या पडवीत ताट आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी मी अक्कासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मला स्वयंपाक येतो हे दाखवून दिलं तर. मी हे का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. मला स्वयंपाक येत नव्हता हे मलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. अक्कानं चष्मा पुसला. "एक पदार्थ कर," ती म्हणाली. "बठ्ठं तुना हातनं. कोनी हात लावाले नको. बठ्ठं घर खाई, ताटमा काही उरी नही, मंग जाय जळगावले." बठ्ठं म्हणजे सगळं. आबा दारात उभे होते. त्यांनी खिशातलं पत्र चाचपलं. अक्का एकदा बोलली की ते कोणी मोडत नसे, ती स्वतःही नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो. यादीच्या मुदतीला चार दिवस उरले होते.

आता शहाण्या मुलीनं काय केलं असतं? आईकडून दोन दिवस खिचडी शिकून घेतली असती. मी शहाणी नव्हते, हुशार होते, आणि त्या वयात हे दोन वेगळे असतात याची कल्पना नसते. मी असा हिशेब मांडला की खिचडी केली तर अक्का म्हणेल मोहरी जळली. शिरा केला तर म्हणेल रवा कच्चा. पुरणाचे मांडे तर ती हातांवर झुलवून उलट्या खापरावर टाकायची, तिथं माझं काय चालणार. तिनं आयुष्यात न पाहिलेलं काहीतरी करावं. जे कधी चाखलंच नाही त्यात खोट कशी काढणार? स्वतःच्या या युक्तिवादावर मी इतकी खूश झाले की त्या रागात असूनही पोटभर जेवले.

तो पदार्थ माझ्याकडे होता. आबांच्या शाळेच्या वाचनालयात कोणीतरी परदेशी मासिकांचा गठ्ठा देऊन गेलं होतं, त्यातलं एक पान मी दहावीत असल्यापासून वहीत जपून ठेवलेलं. पानावर चित्र होतं. बर्फीसारख्या चौकोनी वड्या, खाली मैद्याचा थर, मध्ये पांढरा, वर तपकिरी. नाव चॉकलेट कोकोनट बार्स. अशी वडी खाणारी माणसं कशी असतील याचा मी गणिताच्या तासाला खूप विचार केला होता. शब्दकोश घेऊन बसले आणि पहिल्यांदाच ते पान नीट वाचलं. पहिली ओळ सांगत होती की ओव्हन आधी तापवून ठेवा. दुसरी, दोन अंडी फोडा. तिसऱ्या ओळीत लोणी होतं, चौथीत घट्ट गोड दुधाचा डबा, पाचवीत चॉकलेटची लादी वितळवून वरून ओता, आणि शेवटी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या घरात यातलं फक्त 'आधी तापवून ठेवा' एवढंच होतं. जून निम्मा सरला होता तरी पावसाचा पत्ता नव्हता. धुळ्यात त्या दिवसांत दुपारी गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटायला गेलं की पाय भाजायचे.

तरी मी हरले नाही. एकेक ओळ घेतली आणि तिला आमच्या घरात बसवत गेले. अंडं घरात येणं शक्य नव्हतं. अंड्याचं काम काय, तर मिश्रण धरून ठेवणं. ते केळं करतं हे मला आईच्या केळ्याच्या थालीपिठावरून सुचलं, आणि केळी तर सावद्याच्या मामांनी पाठवलेला अख्खा घड मागच्या दाराला टांगलेलाच होता. लोण्याऐवजी तूप. डब्याच्या दुधाऐवजी दूध साखर घालून आटवायचं. चॉकलेटच्या लादीचा प्रश्न कठीण होता, कारण त्या उन्हात ती वर ओतली असती तर रस्त्यापर्यंत वाहत गेली असती. म्हणून ठरवलं की चॉकलेट खालच्या थरात मैद्यातच मिसळून टाकायचं आणि वर नुसतं दूध-खोबरं. फ्रिजची ओळ सोडून दिली. राहिला ओव्हन. त्यासाठी आमच्याकडे भट्टी होती. दोन गल्ल्या सोडून रशीदचाचांची बेकरी होती. पहाटेचे पाव निघाले की भट्टी दिवसभर मंद धगीवर राहायची, आणि तेवढ्या वेळात आजूबाजूच्या बाया आपापला मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून घ्यायला यायच्या. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं रांग लागायची. प्रत्येकीचा पत्रा वेगळा ओळखू यावा म्हणून कोपऱ्यातल्या बिस्किटावर कोणी शेंगदाणा दाबायचं, कोणी चारोळी.

मुदतीच्या आदल्या दिवशी अक्कानं सकाळीच पाट ओढून चुलीजवळ बैठक मारली. गॅस आला होता, पण त्या कोपऱ्याला ती चूलच म्हणायची. आईला तिनं बाहेर शेजारच्या खोलीत गहू निवडायला बसवलं. उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आई गेली, पण दार पूर्ण लावलं नाही. मी दूध आटवायला ठेवलं. दूध आटताना हलवत राहावं लागतं हे मला माहीत होतं, किती वेळ ते माहीत नव्हतं. तासाभरानं हात दुखू लागला म्हणून जरा बसले, तर खालून करपल्याचा वास आला. शेजारच्या खोलीतून आईची बांगडी वाजली. एकदा, मग दोनदा. अक्का दाराकडे वळून म्हणाली, "गहू निवड, गहू," आणि बांगडी थांबली. मी दूध दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं. मासिकात सगळं कपानं मोजलं होतं. आमच्याकडे कप एकच होता, आबांचा, कान तुटलेला. त्या कपात त्यांचा सकाळचा चहा होता. तो त्यांनी बशीत ओतून पिऊन टाकला आणि कप धुऊन मला दिला. त्या दिवशी कोणी हात लावायचा नाही म्हटल्यावर त्यांना एवढंच करता आलं.

दुपारी एक वाजता नाना जिनिंगमधून जेवायला आले. मैदा, तूप, साखर आणि दोन केळी परातीत एकत्र होऊन बसली होती. नानांनी त्यात डोकावून बघितलं. "भिंतीला लावायचं आहे का? मागची भिंत पोपडे धरतेय."

"तुम्हाला संध्याकाळी खायचंय हे," मी म्हटलं.

"मला? मी काय केलंय?" म्हणत ते हात धुवायला गेले.

आता फक्त कोकोची पूड आणायची होती आणि भट्टीवर नंबर लावायचा होता. वाण्याकडून आणलेल्या खोबऱ्याच्या चार वाट्या मी किसणीशेजारी ताटात काढून ठेवल्या, गॅसपासून हातभर अंतरावर, आणि बेकरीत गेले. रशीदचाचांनी कोको कागदाच्या पुडीत बांधून दिला. "तीन बजे ला," ते म्हणाले. "नानखटाई?"

"नाही, अमेरिकेची वडी आहे."

"अमेरिका में भट्टी नहीं है क्या?" एवढंच विचारून ते पाव मोजायला लागले.

परत आले तेव्हा घरात ओळखीचा, खमंग, डोळ्यांत जाणारा धूर होता. अक्का संध्याकाळच्या भाजीचा कांदा जाळीवर भाजत होती. आणि किसणीशेजारच्या ताटात माझ्या खोबऱ्याच्या चारही वाट्या होत्या, ओळीनं मांडलेल्या, चांगल्या कोळशासारख्या काळ्याकुट्ट. एकीच्या कडेवर अजून ठिणगी चालत होती. मी ताटाकडे बघत राहिले. "अक्का, हे खोबरं?"

तिनं मान वळवलीसुद्धा नाही. "भाजी टाकं." म्हणजे भाजून टाकलं.

"का?"

आता तिनं पाहिलं. माझ्या प्रश्नाचं तिला खरंच नवल वाटलं होतं. "मंग? कच्चं खोबरं कोन खास?"

आपण काही चूक केली, आपण हात लावला, हे तिच्या गावीही नव्हतं. चाळीस वर्षं त्या बाईच्या हाताशी खोबऱ्याची वाटी आली की ती जाळावर गेली होती. माणूस उंबऱ्यात पाय पुसतो तसं ते होतं, त्याला ती स्वयंपाक म्हणत नव्हती. मी ओरडू शकले असते. तुझीच अट तूच मोडलीस, असं म्हणू शकले असते, आणि आज या वयात मी नक्की म्हणेन. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की आता म्हटलं तर ती म्हणेल, बरं, मग उद्या परत कर. उद्या तर मुदतीचा शेवटचा दिवस होता, सकाळीच जळगावला निघायला हवं होतं. वाण्याचं दुकान त्या उन्हात चारशिवाय उघडत नव्हतं आणि भट्टीचा नंबर तीनचा होता. मी सुरी घेऊन वाट्यांचा काळा भाग खरवडायला बसले. अर्धं खोबरं खरवडण्यात गेलं. उरलेलं किसलं तर कीस करडा पडला, मध्ये मध्ये काळे ठिपके. चित्रातला पांढरा थर मी बघायचाच नाही असं ठरवलं आणि पान उलटं करून ठेवलं.

कोको मिसळला, परातीतला गोळा डब्यात भरला, दूध-खोबऱ्याचं पातेलं दुसऱ्या पिशवीत घेतलं आणि डोक्यावर ओढणी घेऊन निघाले. बेकरीत रशीदचाचांनी पत्र्याला तूप लावून दिलं, मी गोळा थापला. माझ्या भाकरीप्रमाणेच तो एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पत्रा दिसेल इतका पातळ झाला. वर दूध-खोबरं पसरलं. चाचा बघत होते.

"अंडा डाला?"

"नाही. केळं."

"केला?" त्यांनी पत्र्याचा वास घेतला. "और ये ऊपर क्या है, मसाला?"

"खोबरं."

"जला हुआ है."

"भाजलेलं आहे."

मी पानावरची पाठ झालेली ओळ सांगितली की तीनशे पन्नास डिग्रीवर तीस मिनिटं ठेवायचं. त्यांनी चिमूटभर मैदा घेतला, भट्टीच्या आत फेकला आणि वाकून बघत राहिले. मैदा किती वेळात तांबूस होतो यावरून त्यांना धग कळायची. "अभी रुक," ते म्हणाले. मग दुसरी चिमूट. "हां, अब." लांब दांड्याच्या फळीवरून माझा पत्रा आत सरकला. "बेटी, ये भट्टी मिनिट नहीं समझती. बास आएगा तब निकालेंगे." रांगेतल्या बाया पोत्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, कोणाची ही मुलगी. दुसरीनं सांगितलं, मास्तरांची, जळगावला जायची आहे. सगळ्यांना माहीत होतं. धुळ्यात तेव्हा बातम्यांना पत्त्याची गरज नव्हती.

वास आला. वाईट नव्हता. त्यात चॉकलेट होतं, तूप होतं, आणि या दोघांच्या मागून येणारी आमच्या घरातली भाजी होती. चाचांनी पत्रा बाहेर काढला, उलथन्यानं एका कोपऱ्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "पक गया. शायद." तो शब्द कानात घेऊन मी घरापर्यंत चालत आले.

पाच वाजता सगळे बसले. आबा शाळेचे कपडे न बदलता, नाना मांडी घालून, आई भिंतीला टेकून. अक्का तिच्या पाटावर. ताटात मी वड्या पाडल्या. जाड बाजूच्या मधून ओल्या होत्या, पातळ बाजूच्या सुरीनं तुटेनात, त्या मी हातानं मोडल्या. तेरा झाल्या. आबांनी पहिली उचलली आणि तोंडात टाकली. त्यांच्या जबड्यातून आवाज आला, कोणी खडीच्या रस्त्यावरून चाललंय असा. ते खात राहिले. डोळे मिटले, गिळलं, दुसरी उचलली. मास्तरांनी परीक्षेला बसावं तसे ते खात होते.

नानांनी वडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली. "नंदे, ही चावायची का चोखायची?"

"खायची."

"हां, पण कुठल्या दिशेनं?" तरी त्यांनी तोंडात टाकली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि नाना गप्प बसण्याची ती पहिली वेळ होती. मग म्हणाले, "वरून भाजी लागते. खालून औषध लागतं. मधे कुठंतरी केळं आहे." आणि आणखी एक घेतली. तीन खाल्ली त्यांनी, मोजून. आज ते नाहीत, पण त्या तीन वड्यांबद्दल मी त्यांची सगळी टिचक्या मारलेली भाकर माफ केली आहे. आईनं चार खाल्ल्या. ती कधी घेत होती ते दिसत नव्हतं, फक्त ताटातली संख्या कमी होत होती. आबांनी चौथी उचलली तेव्हा त्यांना पाण्याची वाटी लागली. एक मी खाल्ली. ती गिळायला मला दोन श्वास लागले, आणि या मंडळींनी काय केलंय ते मला तेव्हा कळलं. शेवटी ताटात एकच वडी उरली.

"खाल्लं सगळ्यांनी," मी म्हणाले. माझा आवाज जरा वर गेला होता. "फक्त ही एक. ही आबा घेतील."

आबांनी हात पुढे केला. अक्कानं तिचा हात ताटावर ठेवला.

"बठ्ठं घर कोठे खादं?" ती म्हणाली. "मी काय दारना बाहेर ऱ्हास का?"

मी वडी तिच्यापुढे धरली. तिनं मान हलवली. "ते भट्टीवरलं शे. त्या पत्रावर अंडाना केक भाजतस. मी नही खास."

दर दिवाळीला नानकटाईचं ताट आलं की अक्का ते बोटानं पुढे सरकवते आणि शंकरपाळे घेते, हे मी कळतं वय झाल्यापासून बघत आले होते. दर दिवाळीला. अक्काला ज्यात खोट काढता येणार नाही असा पदार्थ शोधायला मी निघाले आणि ती ज्याला तोंडच लावणार नाही असा नेमका शोधून आणला. माझ्या हुशारीची ती सगळ्यांत मोठी झेप होती. अक्का मला चिडवत नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. ती खरंच कष्टी दिसत होती. बोललेलं ती मोडू शकत नव्हती आणि वडी खाऊ शकत नव्हती. आबांचा हात तसाच हवेत राहिला होता. त्यांनी तो खिशाकडे नेला, पत्रावर ठेवला. मी ताटाकडे बघत होते कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

मग भिंतीकडून आईचा आवाज आला. चार दिवसांत तिनं या विषयावर काढलेला तो पहिला शब्द. "अक्का, वरचं खोबरं पत्र्याला लागलेलं नाहीये."

"काय?"

"खालचा थर लागलाय पत्र्याला. वरचं खोबरं नाही लागलं." आई जमिनीकडे बघून बोलत होती. "आणि ते खोबरं तर तुमचंच भाजलेलं आहे. मी दाराच्या फटीतून बघत होते."

अक्कानं वडीकडे पाहिलं. वाकून वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उमटत गेलं. ताट, किसणी, चार वाट्या, जाळ. "मी भाजं?"

"तूच भाजलंस," मी म्हणाले.

"मी कव्हय भाजं?" असं तिनं विचारलं खरं, पण विचारतानाच तिची नजर स्वतःच्या बोटांकडे गेली होती. नाना सावरून बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे अक्का, पदार्थ दोघींचा झाला. नापास झालात तर दोघी नापास."

"तू चूप बस," अक्का म्हणाली. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी गेली, मागच्या दाराला टांगलेल्या घडातलं एक केळं थप्प करून खाली पडलं, आणि कोणी उठून बघितलं नाही. मग तिनं आईकडे हात केला. आईनं चमचा दिला. अक्कानं चमच्याच्या टोकानं वडीवरचं खोबरं अगदी सावकाश, खालच्या थराला धक्का न लावता, दुधावरची साय काढावी तसं काढून घेतलं आणि तोंडात घातलं. तिला पुढचे दात नव्हते. ती चघळत राहिली आणि आम्ही चौघं तिच्या जबड्याकडे बघत राहिलो.

"खोबरं बरं शे," ती म्हणाली.

उघडा पडलेला तपकिरी तुकडा आबांनी घाईनं उचलून तोंडात टाकला. ताट रिकामं झालं.

अक्कानं चमचा खाली ठेवला, पदरानं ओठ पुसले आणि आबांकडे वळली. मी तिथंच समोर, हातभर अंतरावर बसले होते, पण परगावी असलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं ती माझ्याबद्दल बोलली. "हिना हातमा सैपाक नही. सात जलममा येवाव नही. हिले घरमा ठेईसनी काय करशी? हिले शिकाडनंच पडी. सकायना गाडीवर बसाड आन जळगावले धाड."

इतक्या उघड शब्दांत आणि इतक्या माणसांसमोर माझी बदनामी त्याआधी कोणी केली नव्हती. आबा पत्र काढून उभे राहिले होते, नाना कोणती गाडी लवकर सुटते ते सांगत होते, आई मान खाली घालून ताट उचलत होती, तिचे खांदे हलत होते, आणि मी चिकट बोटांनी डोळे पुसत, जन्मभर असंच नापास व्हायला मिळावं म्हणून अक्काच्या पायांवर डोकं ठेवत होते.